मॉडलिन : रडक्या बेवड्याला संतिणीचं नाव कसं पडलं?

शब्दपिसाट:

इंग्रजी पेपरातली सिनेमाची परीक्षणं वाचणाऱ्यांना 'मॉडलिन' हा शब्द ओळखीचा असेल. शेवटच्या अर्ध्या तासात सगळी पात्रं एकमेकांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडायला लागली की समीक्षक हा शब्द काढतोच. नुसतं हळवं किंवा भावुक नव्हे, तर माया, दया, कणव सगळं आहे पण मापात नाही, उतू चाललंय आणि बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतंय असा तो प्रकार. डिक्शनरीत त्याला चिकटून आणखी एक अर्थ असतो, दारू चढल्यावर रडवेला झालेला.

आता गंमत बघा. हा शब्द मुळात एका बाईचं नाव आहे आणि ती बाई म्हणजे येशूच्या सोबत्यांमधली मरीया मग्दालीया, इंग्रजीत मेरी मॅग्डलीन. मग्दाला गावची म्हणून ग्रीकमध्ये मॅग्डलीनी, लॅटिनमध्ये मॅग्डलेना, फ्रेंचांकडे गेल्यावर मधला 'ग' विरघळला, आणि इंग्लंडात पोचेपर्यंत झालं मॉडलेन, मॉडलिन. म्हणजे मध्ययुगातला इंग्रज माणूस संत मेरी मॅग्डलीनला आदरानेच मॉडलिन म्हणत होता, त्यात चेष्टा काही नव्हती.

मग चेष्टा शिरली कुठून? चित्रांतून, मूर्तींमधून, नाटकांमधून. चर्चमध्ये बघावं तिथे ही बाई रडतेय. केस मोकळे सुटलेत, हातात सुगंधी तेलाची कुपी, डोळे वर लागलेत, गालावर आसवं. पापाचा पश्चात्ताप करणारी बाई ही तिची ठरलेली पोज होती. गणपती म्हटलं की मोदक तसं मॉडलिन म्हटलं की अश्रू. मग कोणी उगाच टिपं गाळायला लागलं की 'आली बघा मॉडलिन' म्हणायला कितीसा वेळ लागणार?

दारूशी जोड कशी पडली त्याचा जुना पुरावा फारच मजेशीर आहे. थॉमस नॅश म्हणून लंडनचा एक तिखट जिभेचा लेखक, त्याचं 'पीअर्स पेनिलेस' १५९२ साली आलं. त्यात त्याने दारुड्यांच्या आठ जाती सांगितल्यात. पहिला माकड, तो नाचतो, गातो, आरडाओरडा करतो. दुसरा सिंह, तो भांडी फेकतो, गुत्त्याच्या मालकिणीला शिव्या देतो, खंजिराने खिडक्यांच्या काचा फोडतो. तिसरा डुक्कर, जड होऊन लोळतो आणि अजून थोडी पाजा, अंगावर पांघरूण घाला म्हणतो. चौथी मेंढी, स्वतःला शहाणं समजते पण तोंडातून एक शब्द धड फुटत नाही. आणि पाचवा मॉडलिन. हा पीत पीत मध्येच प्रेमाने गहिवरतो, तुमचा मुका घेतो, म्हणतो देवाशपथ कप्तान, माझा जीव आहे तुझ्यावर, तुला माझी येत नसेल तेवढी मला तुझी आठवण येते, इतका जीव लावायला नको होता रे. मग डोळ्यात बोट घालून रडतो!! पुढे अजून तीन जाती आहेत, पण सगळी यादी बहुतेक जनावरांची आणि मधेच एक संतीण, हे काही मला पचलं नाही.

कारण शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातले येशूच्या आयुष्याचे चार वृत्तांत, उघडून बघा. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या थडग्यापाशी पोचलेल्या बायकांमध्ये मरीया मग्दालीया आहेच. पुरुष शिष्य पांगले तेव्हा ती क्रुसापाशी उभी होती, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तर पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना तीच नेऊन देते. पापी, वेश्या वगैरे तिच्याबद्दल कुठेही लिहिलेलं नाही. लूकमध्ये एवढंच आहे की तिच्यातून सात भुतं निघाली होती. येशूचे पाय आसवांनी भिजवून केसांनी पुसणारी 'पापी स्त्री' त्याच्या आधीच्या अध्यायात येते आणि ती बिननावाची आहे. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरीने एका प्रवचनात ही बिननावाची बाई, बेथानीची मरीया आणि मग्दालीया या तिघी एकच म्हणून सांगून टाकलं, आणि पुढे हजार-दीड हजार वर्षं पश्चिमेत तेच चाललं. म्हणजे दुसरीचे अश्रू हिच्या नावावर चढवले आणि त्या अश्रूंवरून हिचं नाव गुत्त्यात पोचलं. माझं म्हणणं एवढंच, की हा शब्द म्हणजे एका कर्तबगार बाईची चारशे वर्षं चाललेली बदनामी आहे. पटतंय का बघा, नसेल पटत तर हाणा.

खवचट_काका:

ही पाचवी जात आमच्या गल्लीत शुक्रवारी रात्री साडेदहानंतर मुबलक मिळते. "तू सांग फक्त, भावासाठी जान हाजिर आहे" इथपासून सुरुवात आणि बिल आलं की भाऊ वॉशरूममध्ये. हहपुवा (हसून हसून पुरे वाट). धागा आवडला, चालू द्या.

अनुस्वार:

माहिती भारीच पण एक शंका. दारुड्याचं रडणं म्हणजे अति-करुणा कशी काय? तो तर स्वतःसाठीच रडतो की.

शब्दपिसाट:

@अनुस्वार, नॅशच्या वर्णनात तरी तो समोरच्यावरच्या प्रेमापोटी रडतोय. आत्मदया नंतर चिकटली असावी, आणि आज दोन्ही आहे. मॉडलिन कविता म्हटली की त्यात मेलेल्या कुत्र्याच्या पिल्लावरही गळा काढलेला असतो आणि तो काढणाऱ्याच्या थोर मनावरही.

वसईवाला:

धागा चांगला आहे पण एका जागी मी तुमच्या विरोधात आहे. रडणं पूर्ण उसनं नाही हो. योहान, विसावा अध्याय काढा. मरीया थडग्याबाहेर रडत उभी आहे, आत वाकून बघते तर दोन देवदूत, ते विचारतात बाई का रडतेस. मागे वळते तर येशू उभा, तोही तेच विचारतो. ती त्याला माळी समजते, म्हणते तुम्ही नेलं असेल तर कुठे ठेवलंय ते सांगा. मग तो फक्त नावाने हाक मारतो आणि तिला कळतं. आमच्याकडे ईस्टरच्या दिवसांत हे वाचन असतं आणि वाचणाऱ्याचा आवाज चांगला असेल ना तर देवळात एक माणूस हलत नाही. त्यामुळे अश्रू तिचेच आहेत. फरक एवढाच की ते पश्चात्तापाचे नाहीत, माणूस गेल्याचे आहेत, आणि वर मयत पण जागेवर नाही म्हटल्यावर कोण रडणार नाही? त्यात अति काय आहे?

बाकी तिघी एक केल्याचं तुम्ही म्हणताय ते बरोबर. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हे कधीच मानलं नाही, त्यांच्याकडे तिघी वेगळ्याच. आमच्या कॅथलिक चर्चनेही १९६९ ला कॅलेंडर बदललं तेव्हा तिच्या सणाची वाचनं बदलून पापी स्त्रीचा उतारा काढला, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैचा तिचा दिवस वर चढवून प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला नेला. प्रेषितांची प्रेषित असं तिला म्हणतात. पण डिक्शनरीवाल्यांना पोपचं पत्र पोचलेलं दिसत नाही :)

अजून एक. गोव्यात क्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स इंग्रज होते, १५७९ ला गोव्यात आले, पुराण १६१६ ला रायतूरला छापलं. म्हणजे ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तकथा सांगणाऱ्या या माणसाच्या लहानपणी इंग्लंडात या संतिणीचं नाव मॉडलिन असंच ऐकू येत असणार. तेव्हा ते गुत्त्यात पोचलं होतं की नाही कोण जाणे.

शब्दपिसाट:

वसईवाला, विसाव्या अध्यायाचा मुद्दा मान्यच आहे, पण चित्रकारांनी काय रंगवलं ते बघा ना. तो थडग्यापाशीचा प्रसंगही रंगवलाय, त्याला 'मला शिवू नकोस' असंच नाव आहे, पण घरोघरी आणि चर्चमध्ये खपली ती पश्चात्तापवाली. तिशियनने १५३० च्या दशकात एक रंगवली, ती फ्लॉरेन्सच्या पिट्टी पॅलेसमध्ये आहे. लांब सोनेरी केसांनी अंग झाकण्याचा प्रयत्न, जो फारसा जमलेला नाही, आणि वर बघणारे पाणावलेले डोळे. बघणाऱ्याला भक्तीही करता येते आणि बाकीचंही. गिऱ्हाईक सांभाळणं म्हणतात ते हेच. त्याच फ्लॉरेन्समध्ये त्याच्या ऐंशीएक वर्षं आधीची दोनातेल्लोची लाकडी मग्दालीया आहे. ती बघून दचकायला होतं. गाल बसलेले, दात पडलेले, केस म्हणजे अंगभर चिकटलेल्या जटा, आणि दोन्ही हात नमस्कारासाठी जवळ आणलेत पण तळवे टेकलेले नाहीत, मध्ये बोटभर फट. ती पण पश्चात्तापवालीच, पण तिच्याकडे बघून कोणाला मॉडलिन शब्द सुचला नसता.

मॉन्ट्रियलची_माई:

आमच्याकडे फ्रेंचमध्ये अजून रोजच्या बोलण्यात आहे, 'प्लरे कॉम यून मादलेन', मादलेनसारखं रडणं. माझ्या शेजारीण आजी नातवाला हेच ऐकवतात. स्पॅनिशमध्येही अगदी असंच आहे, 'योरार कोमो ऊना माग्दालेना'. म्हणजे रडण्याशी नाव जोडणारे इंग्रज एकटे नाहीत, पण या दोन्ही भाषांत नाव नावच राहिलंय, ऐकणाऱ्याला कोण ते माहीत असतं. इंग्रजीत मात्र झिजून झिजून विशेषण झालं आणि बोलणाऱ्याला पत्ताच नाही की आपण कोणाचं नाव घेतोय. रच्याकने (बाय द वे), ते शिंपल्याच्या आकाराचे छोटे केक असतात ना, मादलेन, तेही याच नावावरून. त्यांचं आणि रडण्याचं काही नाही, करताना बिघडले तर गोष्ट वेगळी.

टवाळ:

वाखुसा (वाचनखूण साठवली). आता ऑफिसमध्ये बॉसला मॉडलिन म्हणणार आणि विचारलं तर संतिणीचं नाव आहे सांगणार.

जुनाजाणता:

लेकीला भेटायला इंग्लंडला गेलो होतो तेव्हा ऑक्सफर्डला गाइडने हा किस्सा सांगितला होता, नंतर मी बराच वाचला. ऑक्सफर्डला मॅग्डलेन कॉलेज आहे, लिहितात तसं, पण उच्चारतात मॉडलिन. तुम्ही मॅग्डलेन म्हणालात की लगेच कळतं पाहुणे आहेत. १४५८ ला विल्यम वेनफ्लीट या विंचेस्टरच्या बिशपने स्थापन केलं. हा वेनफ्लीट उमेदीत विंचेस्टरजवळच्या मेरी मॅग्डलीनच्या महारोग्यांच्या हॉस्पिटलचा प्रमुख होता, नावाची ओढ तिथली असावी असं म्हणतात. मध्ययुगात इंग्लंडात महारोग्यांची बरीच इस्पितळं तिच्याच नावाची होती. म्हणजे मॉडलिन म्हटल्यावर त्या काळी लोकांना दारुडा आठवत नव्हता, ज्यांना कोणी शिवत नाही त्यांची सोय आठवत होती. शब्दपिसाट, हे तुमच्या बाजूचं आहे बघा.

केंब्रिजलाही एक आहे, त्याच्या शेवटी एक ई जास्त, उच्चार तोच मॉडलिन. ते १५४२ ला थॉमस ऑडली नावाच्या बड्या प्रस्थाने नव्याने उभं केलं, आणि सनदेत स्पेलिंग असं लिहिलं की मधोमध त्याचं आडनाव बसावं. पुढे एम, मागे एन आणि मध्ये अख्खा ऑडली! कोनशिलेवर स्वतःचं नाव कोरणाऱ्या आपल्या नगरसेवकांनी याच्याकडून शिकावं, इतकं सफाईने अजून कोणाला जमलेलं नाही.

पुढे लॅटिनचा अभिमान वाढला तसा लिहिण्यात 'ग' परत आणून बसवला, बोलण्यात मात्र नाही. त्यामुळे आज इंग्रजीत संत आहे ती मॅग्डलीन, शुद्ध स्पेलिंगची, कॉलेजं आहेत ती एक लिहून दुसरं वाचायची, आणि बेवडा आहे तो मॉडलिन, जसं ऐकू येतं तसा लिहिलेला.

चाफेकळी_पुन्हा:

जुनाजाणता काका मस्त! अजून असे संतांचे झिजलेले शब्द आहेत का?

जुनाजाणता:

आहेत की. 'टॉड्री' म्हणजे भडक, स्वस्त, चकचकीत. तो सेंट ऑड्रीवरून आला. ईली गावचा मठ स्थापन करणारी ही राणी ६७९ मध्ये गेली, मानेला गाठ येऊन. तरुणपणी गळ्यात हार मिरवले त्याची ही शिक्षा असं ती म्हणायची, बीड नावाच्या जुन्या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलंय. पुढे तिच्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकायला लागले, सेंट ऑड्रीज लेस, ते भराभर बोलताना टॉड्री लेस, आणि माल हलका होत गेला तसा शब्दही हलका होत गेला. जिला हाराचा पस्तावा झाला तिच्याच नावाने हार विकले. आणि 'बेडलम' म्हणजे गोंधळ, तो बेथलेहेम. लंडनला १२४७ ला स्थापन झालेला बेथलेहेमचा मठ, त्याचं पुढे वेड्यांचं इस्पितळ झालं.

खवचट_काका:

आपल्याकडे पण आहेत की. कळीचा नारद, झारीतले शुक्राचार्य, लंकेची पार्वती. पार्वतीबाईंनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? अंगावर दागिना नाही एवढाच गुन्हा.

वसईवाला:

काका, नारद अजून नारदच आहे ना पण. पोराला सुद्धा माहीत असतं कोण ते. माई म्हणाल्या तेच, नाव ओळखू येतंय तोवर ठीक.

उलटतपासणी:

मला वाटतं तुम्ही सगळे सौम्य शब्दात अडकलाय. अति-दयेचा खरा शिवीसारखा शब्द 'ब्लीडिंग हार्ट'. हृदयातून रक्त ठिबकतंय. आधी तो चांगलाच होता, चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या काळात मनापासूनचं दुःख एवढाच अर्थ, नंतर येशूच्या हृदयाच्या चित्रांमुळे धार्मिकही. त्याची राजकीय शिवी केली ती वेस्टब्रुक पेग्लर या अमेरिकन स्तंभलेखकाने, जानेवारी १९३८ मध्ये. आणि कोणासाठी वापरली तेही ऐका. तेव्हा सिनेटमध्ये लिंचिंगविरोधी कायद्याचं बिल आलं होतं, म्हणजे काळ्या माणसांना जमावाने ठार मारण्याच्या विरोधातलं, आणि दक्षिणेतले सिनेटर भाषणं लांबवून ते अडवत होते. पेग्लरचं म्हणणं, वर्षाला जास्तीत जास्त चौदा जीव वाचवणाऱ्या कायद्यापायी हे धंदेवाईक ब्लीडिंग हार्ट बाकीची सगळी कामं खोळंबून ठेवतायत. चौदा!! जीव मोजून सांगतोय आणि वर दया करणाऱ्यांनाच नावं ठेवतोय. याच पेग्लरला १९४१ ला पत्रकारितेचं पुलित्झर बक्षीस मिळालं (वेगळ्या कामासाठी, तरी). पुढे १९५४ मध्ये जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या तोंडीही हा शब्द होता, डावीकडे झुकलेल्या रेडिओ-टीव्हीवाल्यांसाठी, आणि तिथून तो लिबरल लोकांच्या कपाळी कायमचा बसला. ते बिल बारगळलं. लिंचिंगविरोधी केंद्रीय कायदा अमेरिकेत शेवटी झाला मार्च २०२२ मध्ये, लिंचिंगमध्ये मारल्या गेलेल्या एमेट टिल या काळ्या मुलाच्या नावाने.

टवाळ:

थोडक्यात आपला 'फुरोगामी'.

संपादक_मंडळ:

राजकारण नको. धाग्याचा काश्मीर होण्याआधी सांगून ठेवतोय. अमेरिकेतलं अमेरिकेत राहू द्या.

टवाळ:

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

मठ्ठमास्तर:

पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, गप्प बसवत नाही. उलटतपासणी म्हणतात तो प्रवास एका शब्दाचा नाही, इंग्रजीत दयेच्या आसपासचे शब्द घसरतातच. 'पिटीफुल' घ्या. आज त्याचा अर्थ दयनीय, टाकाऊ. पण १६११ च्या किंग जेम्स बायबलात याकोबाच्या पत्रात प्रभू फार पिटीफुल आहे असं लिहिलंय, म्हणजे दयेने भरलेला. वर्गात हे वाक्य घातलं की पोरं खिदळायची, आणि मला तास सुरू करायला निमित्त मिळायचं. दया करणारा, मग ज्याच्यावर करावी तो, मग ज्याच्याकडे तुच्छतेनं बघावं तो, अशा तीन पायऱ्या उतरला. 'सिली' त्याच्याही पुढे गेला. जुन्या इंग्रजीत अर्थ धन्य, सुखी. मग निष्पाप, मग निष्पाप म्हणून बिचारा, मग दुबळा, शेवटी मूर्ख. 'पथेटिक' म्हणजे मूळचं हृदयाला भिडणारं, आज म्हणून बघा कोणाच्या भाषणाला. आपला 'बिचारा' घ्या, 'बापुडवाणा' घ्या, दया आहे पण थोडी वरून खाली बघणारी.

आणि 'पिटी' व 'पायटी' या सख्ख्या बहिणी. दोघी लॅटिन पिएतासच्या, म्हणजे कर्तव्य, भक्ती, आपल्या माणसांशी निष्ठा. एकीने दया घेतली, दुसरीने धार्मिकता, आणि आता एकमेकींना ओळखत नाहीत.

'मॉकिश' राहिलाच, तोही मॉडलिनचा शेजारी, म्हणजे मळमळेल इतका गोग्गोड भावुक. तो आलाय 'मॉक' म्हणजे अळीवरून. जुन्या नॉर्स भाषेतला शब्द. आधी अर्थ मळमळणारा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला भावनेकडे वळला. जेवताना आठवू नये.

चाफेकळी_पुन्हा:

मास्तर, जेवतानाच वाचलं. धन्यवाद.

मराठीत मला यासाठी 'पुळका' फार आवडतो. "एवढा पुळका येतोय तर ने त्याला तुझ्या घरी." गंमत म्हणजे हा संस्कृत पुलक, अंगावर उठणारा रोमांच. भक्ताच्या अंगावर उठतो तोच. पुलकित झालात तर सात्त्विक, पुळका आला तर सासू डोळे वटारणार. 'कळवळा' मात्र टिकून आहे अजून, बहुतेक तुकोबांनी त्याची जात सांगून ठेवल्यामुळे कोणाची हात लावायची टाप नाही. तरी "लय कळवळा आलाय का रे" ऐकलंय मी, तुकोबांचाही इलाज चालत नाही कधी कधी.

लिफीकाठची_नर्स:

एवढा वेळ नुसती वाचत होते. मॅग्डलीन नावाचं एक टोक कोणी काढलं नाही म्हणून लिहिते. मी डब्लिनला नोकरीला आहे, आणि बसच्या वाटेवर शॉन मॅक्डर्मॉट स्ट्रीटला विटांची एक मोठी बंद इमारत लागते. ती आयर्लंडमधली शेवटची मॅग्डलीन लाँड्री, १९९६ ला बंद झाली. लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथ, किंवा नुसत्या 'वाह्यात' ठरवलेल्या मुलींना नन्सच्या ताब्यात द्यायचे आणि त्या हॉटेलांच्या, हॉस्पिटलांच्या चादरी धुवायच्या, बिनपगारी. बऱ्याच जणींची नावं बदलायचे, केस कापायचे. १९२२ पासूनचा हिशोब धरला तर सुमारे १०,००० बायका-मुली, हा सरकारी अहवालातलाच आकडा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत माफी मागितली, बोलताना त्यांचा आवाज फुटला होता.

सुरुवात लंडनला १७५८ मध्ये मॅग्डलेन हॉस्पिटल म्हणून झाली, शरीरविक्रय करणाऱ्या बायकांना आसरा द्यायला, म्हणजे दयेनेच. नाव का दिलं ते वर आलंच आहे, पश्चात्ताप करणारी बाई. शब्दपिसाट म्हणतात ती बदनामी नुसत्या शब्दापुरती राहिली नाही एवढंच सांगायचं होतं. ग्रेगरीचं ते प्रवचन नसतं तर या घरांना दुसरं कुठलं तरी नाव मिळालं असतं. घरं मात्र झाली असतीच, असं मला वाटतं.

शब्दपिसाट:

नर्सताई, हे लिहिलंत बरं केलंत. मी शब्दाच्या मागे होतो, त्या नावाने इमारती उभ्या राहिल्या हे लक्षात घेतलंच पाहिजे.

आता वसईवाल्यांसाठी एक. ग्रेगरीच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी बायबल लॅटिनमध्ये आणणारा संत जेरोम एका पत्रात लिहितो की मरीयेला 'बुरुजाची' म्हणत, तिच्या श्रद्धेच्या जोरामुळे. कारण अरामी भाषेत मग्दाला म्हणजे बुरूज, हिब्रूत मिग्दाल. गावाचं नाव म्हणून मग्दालीया की येशूने शिमोन या शिष्याला जसं पेत्र म्हणजे खडक म्हटलं तसं हिला बुरूज म्हटलं, यावर अजून अभ्यासकांचा वाद चालू आहे. पण नावात दगडी बुरूज असलेल्या बाईचं पुढे जे झालं ते झालं.

अनुस्वार:

ते मग्दाला गाव आहे का अजून?

जुनाजाणता:

गालील समुद्राच्या पश्चिम काठावर, आताच्या इस्रायलमध्ये. समुद्र म्हणतात पण आहे गोड्या पाण्याचं सरोवर. २००९ ला तिथे यात्रेकरूंसाठी गेस्टहाऊस बांधायला घेतलं, पाया घेण्याआधी खणून बघायचा तिथे नियम आहे, तर खाली निघालं पहिल्या शतकातलं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, आणि त्यात एक कोरीव दगड, ज्यावर सात फांद्यांची दिवटी आहे. जेरुसलेमचं मंदिर उभं असतानाच्या काळातला तो दगड. गावात पाण्याच्या टाक्याही सापडल्यात, मासळीच्या धंद्याच्या असाव्यात. तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथात याच भागातल्या एका गावाला 'मासळीचा बुरूज' असं नाव आहे, आणि ग्रीक लोक ज्याला तारिकेआय म्हणायचे ते हेच असं बरेच अभ्यासक मानतात. तारिकेआय म्हणजे जिथे मासे खारवतात ती जागा. तिथली खारवलेली मासळी लांब लांब जायची.

वसईवाला:

म्हणजे सुक्या मासळीच्या गावची! हे आधी सांगायचं ना. आमच्या वसईच्या पाचूबंदरला येऊन बघा, बांबूवर बोंबील टाकलेत, बायका पहाटेपासून उन्हात उभ्या आहेत. दर पाडून मागितलात तर कोण रडतं ते कळेल.